फुटपाथ मध्येच का संपतो? चालायच्या आणि सायकलच्या रस्त्यांचं प्लॅनिंग कसं होतं, सोप्या भाषेत

मागच्या नोव्हेंबरमध्ये मावशीला घेऊन बँकेत गेले होते, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. घर ते बँक जेमतेम साडेसहाशे मीटर, एवढ्यासाठी रिक्षावाला पण येत नाही, आणि मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून म्हटलं चला पायीच जाऊ. फुटपाथ होता, अगदी घरापासून बँकेपर्यंत होता. पण पोचेपर्यंत मावशी चौदा वेळा खाली उतरली आणि तेरा वेळा परत वर चढली. मोजायचं काही ठरवलं नव्हतं, तिसऱ्या वेळेला तिनं माझा दंड घट्ट धरला तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक वेळी उतरायच्या आधी ती थांबतेय, कुठला पाय आधी टाकायचा ते ठरवतेय, मग उतरतेय, तिथून मी मोजायला लागले. चौदाव्या वेळी उतरल्यावर ती परत चढलीच नाही. म्हणाली, "राहू दे गं, खालूनच जाऊ, मागून बस आली तर सांग."

त्या रात्री मोबाइलवर लिहून काढलं की कुठे कुठे उतरावं लागलं. सहा ठिकाणी सोसायटीची गेटं, तीन ठिकाणी लावलेल्या टू-व्हीलर, एक विजेचा डीपी (म्हणजे वीज वाटायची ती लोखंडी पेटी), एक झाड आणि त्याचा कट्टा, एक बसस्टॉपची शेड, एका ठिकाणी खोदून ठेवलेले पेव्हर ब्लॉक, आणि शेवटचा चौक. आता गंमत अशी की यातली एकही गोष्ट कोणी मुद्दाम चालणाऱ्याला त्रास द्यायला केलेली नाही. गेट पाहिजेच, डीपी पाहिजेच, झाड तर पाहिजेच पाहिजे. मग अडलं कुठे? हेच समजून घ्यायला मी गेलं वर्षभर बरंच वाचलं, रस्त्याची कामं करणाऱ्या लोकांशी बोलले, आणि जे कळलं ते इथे लिहितेय, कारण हे एकदा कळलं की आपल्या घरासमोरचा रस्ता वेगळाच दिसायला लागतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपण "फुटपाथ किती किलोमीटर झाला" असं विचारतो आणि महापालिका पण तेच सांगते. पण चालणाऱ्याला किलोमीटरशी काही देणंघेणं नसतं, त्याला घरापासून शाळेपर्यंत, स्टॉपपर्यंत, मंडईपर्यंत सलग जाता आलं पाहिजे. पाण्याच्या लाइनसारखं आहे हे. दहा किलोमीटर पाइप टाकला आणि मध्ये एक जॉइंट राहिला तर नळाला पाणी येत नाही, तेव्हा कोणी म्हणत नाही की नव्व्याण्णव टक्के काम झालंय. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण ते ऐकून घेतो. सायकल ट्रॅकचं तर त्याहून जास्त, कारण ट्रॅक जिथे संपतो तिथे सायकलवाला सरळ बस आणि डंपरच्या मध्ये येऊन पडतो, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज होती नेमका तिथेच ट्रॅक नसतो.

उदाहरणाला पुणं घेऊ, कारण या विषयात महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कागद आणि सगळ्यात जास्त प्रयोग तिथेच झालेत. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळख, कारखान्यांच्या शिफ्ट सुटल्या की सायकलींची रांग लागायची असं आधीच्या पिढीतले लोक अजून सांगतात. नंतर टू-व्हीलर आल्या, शहर पसरलं, कामाची ठिकाणं लांब गेली, आणि 2018 च्या सुमारास नोंदणी झालेल्या गाड्यांचा आकडा शहराच्या लोकसंख्येच्याही पुढे गेला अशी बातमी आली. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 2006 च्या डिसेंबरमध्ये सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली तेव्हा तिच्या कडेनं सायकल ट्रॅक केले, 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेच्या वेळी रस्ते सुधारले तेव्हाही काही ठिकाणी ट्रॅक आले. 2016 मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण केलं, रस्ता कसा आखायचा याची मार्गदर्शक तत्त्वं पण केली, आणि डिसेंबर 2017 मध्ये मुख्य सभेनं सायकल आराखड्याला मंजुरी दिली, त्यात आठशे किलोमीटरच्या वर सायकलसाठी सोयीच्या रस्त्यांचं जाळं दाखवलंय. कागद चांगले आहेत, मी अगदी मनापासून म्हणतेय, वाचले तर कळतं की करणाऱ्यांनी जीव ओतलाय. पण ते जुने ट्रॅक आज बघायला जा, मध्येच तुटलेले, कुठे त्यावर गाड्या, कुठे दुकानाचा बोर्ड. जाळं म्हणून जे आखलं ते तुकड्यातुकड्यात उतरलं. असं का होतं ते आता बघू.

पहिलं कारण म्हणजे रस्ता एकाच्या मालकीचा असला तरी एकाच्या हातात नसतो. फुटपाथ बांधतो पथ विभाग. त्याच्या खालचं ड्रेनेज आणि पावसाळी लाइन दुसऱ्या विभागाकडे, पाण्याची लाइन तिसऱ्याकडे, वरचे दिवे विद्युत विभागाकडे, झाड उद्यान विभागाकडे, फुटपाथवर बसलेला विक्रेता अतिक्रमण विभागाकडे. डीपी आणि केबल वीज कंपनीच्या, इंटरनेटच्या वायरी खासगी कंपन्यांच्या, बसस्टॉप पुण्यात पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, आणि सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा, गाडी उचलायची की नाही हे वाहतूक पोलिसांकडे, जे महापालिकेच्या नाही तर राज्याच्या गृह खात्याच्या हाताखाली येतात. म्हणजे मावशीच्या साडेसहाशे मीटरवर दहा जणांचा हात आहे आणि प्रत्येकानं आपापलं काम बरोबरच केलंय. डीपी लावणाऱ्यानं जागा बघितली, मोकळा फुटपाथ दिसला, लावला. स्टॉपवाल्यानं पण तसंच. सगळ्यांना मोकळी जागा फुटपाथवरच दिसते, कारण गाड्यांच्या रस्त्यात डीपी लावायचं कोणाच्या मनात पण येत नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. बजेटमध्ये मोठ्या रस्त्यांसाठी वेगळी तरतूद असते आणि वॉर्डातल्या छोट्या कामांसाठी नगरसेवकांनी सुचवलेली वेगळी यादी असते, पुण्यात तिला 'स' यादी म्हणतात. आता फुटपाथचं काम बऱ्याचदा या छोट्या यादीतून होतं, म्हणजे काही लाखांचा तुकडा, एका प्रभागापुरता. प्रभागाची हद्द संपली की काम संपलं. पलीकडच्या प्रभागात त्या वर्षी पैसे दुसऱ्या कशावर गेले असतील तर तिथे फुटपाथ जुनाच. म्हणून ते दिसतं ना, इथपर्यंत लाल ब्लॉक, पुढे करडे ब्लॉक, त्याच्या पुढे मातीच, उंची पण प्रत्येकाची वेगळी. चालणारा माणूस प्रभागाची हद्द बघून चालत नाही, पण बजेट बघतं. याच्यावर उपाय म्हणजे आधी पूर्ण रूट ठरवायचा, त्याचं एकच ड्रॉइंग करायचं आणि मग पैसे दोन वर्षांत आले काय किंवा चार वर्षांत आले काय, प्रत्येक तुकडा त्याच ड्रॉइंगप्रमाणे टाकायचा. चेन्नईच्या महापालिकेनं 2014 मध्ये धोरण करून असं ठरवलं की वाहतुकीच्या बजेटमधला किमान 60 टक्के पैसा चालणं आणि सायकल यावर जाईल. सगळ्यांना एवढं जमेलच असं नाही, पण आपल्याकडे निदान मुख्य रूटसाठी वेगळं बजेट हेड तरी पाहिजे, नाहीतर आराखडा कपाटात आणि काम यादीप्रमाणे हे चालूच राहणार.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे, पण सगळी भांडणं इथेच असतात म्हणून नीट बघू. समजा डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो (विजेचा नाही, हा शहराचा), तुमचा रस्ता 24 मीटरचा आहे. हे 24 मीटर म्हणजे एका बाजूच्या कंपाउंडपासून दुसऱ्या बाजूच्या कंपाउंडपर्यंत सगळं मिळून. बस जाते ती कडेची लेन सव्वातीन मीटर धरा, आतली तीन मीटर, एका बाजूला सव्वासहा, दोन्ही मिळून साडेबारा. मधला डिव्हायडर एक मीटर. झाले साडेतेरा. उरले साडेदहा, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वापाच मीटर. त्यात सव्वादोन मीटर नुसतं चालायला, दोन मीटर सायकल ट्रॅक, आणि एक मीटरची पट्टी झाडं, दिवे, डीपी, कचऱ्याचा डबा, बाक यांच्यासाठी. बसलं सगळं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (हा पक्ष नाही, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे चालायची मोकळी रुंदी कमीत कमी 1.8 मीटर पाहिजे, म्हणजे समोरासमोरून दोन व्हीलचेअर जाऊ शकतील एवढी, ती पण यात आरामात भागते.

आता हाच रस्ता दुसऱ्या पद्धतीनं आखा. दोनच्या जागी तीन लेन करा आणि प्रत्येक साडेतीन मीटरची, हायवेसारखी. एका बाजूला साडेदहा, दोन्ही मिळून एकवीस, डिव्हायडर एक, झाले बावीस. उरला प्रत्येक बाजूला एक मीटर. त्या एका मीटरमध्ये झाड, डीपी, स्टॉप आणि मावशी. म्हणजे "आमच्या रस्त्याला जागाच नाही हो" हे वाक्य आपण ऐकतो ना, ते बऱ्याचदा खरं नसतं, जागा होती, ती कोणाला दिली एवढाच प्रश्न असतो. आणि तिसऱ्या लेनचा गाड्यांना तरी किती उपयोग होतो? शहरातला रस्ता चौकात तुंबतो, मध्ये नाही. चौकात सिग्नल जेवढ्या गाड्या सोडेल तेवढ्याच जाणार. तिसरी लेन मग पार्किंगला जाते किंवा रात्री मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवायला, आणि वेग वाढला की अपघातात माणूस वाचायची शक्यता किती झपाट्यानं कमी होते ते वेगळं सांगायला नको. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. जवळपास पाचातलं एक. ही माणसं कोणाला धडकायला गेली नव्हती.

फुटपाथची रुंदी झाली, आता उंची. नियम सांगतो की फुटपाथ रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. साधारण जिन्याची एक पायरी. आपल्याकडे मात्र रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात म्हणून मग फुटपाथ पण दरवेळी उंच करतात, आणि टू-व्हीलर चढू नयेत म्हणून अजून उंच करतात, आणि मग म्हाताऱ्या माणसाला, पोटुशी बाईला, बाबागाडीवालीला तो चढवतच नाही, ते खालून चालतात, आणि फुटपाथ रिकामा दिसला की लोक म्हणतात बघा केलाय तरी कोणी वापरत नाही. टू-व्हीलर अडवायच्या असतील तर खांब लावा, मात्र दोन खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढं अंतर ठेवा.

गेटांचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण उपाय इतका सोपा आहे. सहा गेटांवर मावशी बारा वेळा चढली-उतरली, कारण प्रत्येक गेटसमोर फुटपाथ कापून रस्त्याच्या लेव्हलला आणलाय, गाडीला सोपं जावं म्हणून. उलटं करायचं असतं. फुटपाथ सरळ एका लेव्हलला जाऊ द्यायचा आणि ती जी एक मीटरची झाडांची पट्टी आहे ना तिच्यातच गाडीसाठी छोटा उतार द्यायचा. गाडी चढून फुटपाथ ओलांडेल, हळू होईल, बघेल, आणि जाईल. गाडीला इंजिन आहे, तिला 15 सेंटिमीटर चढायला काही वाटत नाही. हीच गोष्ट छोट्या गल्ल्यांच्या तोंडाशी करता येते, त्याला टेबलटॉप क्रॉसिंग म्हणतात, म्हणजे क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणायचं, तेच स्पीडब्रेकरचं काम पण करतं. खर्च फार नाही. फक्त ड्रॉइंगमध्ये आधी असावं लागतं.

चौक हा अवघड भाग, तिथे जरा थांबू. 24 मीटर रस्ता ओलांडायला तरुण माणसाला सेकंदाला 1.2 मीटर या वेगानं 20 सेकंद लागतात, आणि सिग्नलची वेळ साधारण याच हिशोबानं काढतात. मावशीला मी घड्याळ लावून बघितलं, 38 सेकंद लागले. म्हणजे ती डिव्हायडरपर्यंत पोचते तोपर्यंत समोरच्या गाड्यांचा हिरवा लागलेला असतो. इथे दोन गोष्टी करता येतात, एक म्हणजे सेकंद वाढवायचे, दुसरं म्हणजे मध्ये उभं राहायला नीट जागा द्यायची, दीड-दोन मीटर रुंद, दोन्हीकडून कडा असलेली, म्हणजे रस्ता दोन हप्त्यांत ओलांडता येतो. आणि फ्री लेफ्ट. चौकात डावीकडे जाणाऱ्याला सिग्नल नाही म्हणजे तिथून चालणाऱ्याची पाळी कधीच येत नाही, दिवसभर ओघ चालू. त्यात कोपरा मोठा गोलाकार केलेला असला की गाडी वेग कमी न करताच वळते. कोपरा छोटा, काटकोनाच्या जवळचा केला की गाडीला हळू व्हावंच लागतं आणि ओलांडायचं अंतर पण कमी होतं. कोपऱ्यात हा बदल रंग आणि प्लॅस्टिकचे खांब लावून एका रात्रीत करून बघता येतो.

पादचारी पुलाबद्दल पण लोक विचारतात, की तो बांधला म्हणजे झालं ना? रस्त्यावरून ट्रक-बस जायला साडेपाच मीटर उंची ठेवावी लागते, एक पायरी 15 सेंटिमीटर धरली तर चढायला 37 पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला आपण सांगतोय की तू 74 पायऱ्या कर म्हणजे गाडीला वीस सेकंद थांबावं लागणार नाही. रेल्वे किंवा मोठा हायवे ओलांडायचा असेल तर पूल ठीक आहे, शहराच्या आतल्या रस्त्यावर जमिनीवरचं क्रॉसिंगच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकल ट्रॅकचं वेगळं सांगते कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. प्रत्येक रस्त्याला ट्रॅक लागत नाही. सोसायट्यांमधल्या आतल्या रस्त्यांवर, पेठांच्या गल्ल्यांमध्ये गाड्यांचा वेग तीसच्या खाली ठेवला की सायकल त्यांच्यातूनच जाऊ शकते, तिथे ट्रॅकपेक्षा वेग कमी करणं जास्त कामाचं. ट्रॅक पाहिजे तो मोठ्या, वेगवान रस्त्यावर, आणि तिथे तो खराच वेगळा पाहिजे, नुसता हिरवा पट्टा रंगवून भागत नाही कारण रंगावर लगेच गाड्या लागतात. पृष्ठभाग डांबराचा किंवा काँक्रीटचा पाहिजे, पेव्हर ब्लॉकवर सायकल चालवून बघा, दोन किलोमीटरमध्ये मनगटं दुखतात आणि ब्लॉक निघाला की चाक अडकतं. ब्लॉक वापरतात कारण खालची लाइन काढायला सोपं जातं, म्हणून लाइन ट्रॅकखाली न ठेवता बाजूच्या पट्टीखाली न्यावी. बसस्टॉपशी ट्रॅक स्टॉपच्या मागून वळवायचा, नाहीतर बस थांबली की ट्रॅक बंद. सायकलवाल्याला ताशी 15 किलोमीटरनं चार किलोमीटर जायला सोळा मिनिटं लागतात, म्हणजे शाळा, क्लास, स्टेशन, बहुतेक सगळी रोजची कामं या टप्प्यात येतात. ट्रॅक चांगला झाला की नाही हे ओळखायची माझी साधी पद्धत आहे, बारा वर्षांच्या मुलीला त्यावरून एकटीला क्लासला पाठवाल का? उत्तर "नाही रे बाबा" असेल तर कुठे नाही ते बोट ठेवून दाखवा, तिथेच काम बाकी आहे.

पुण्यात जिथे जमलं ते पण सांगायला हवं. जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूला फुटपाथ रुंद केले, झाडं आहेत तिथेच ठेवून त्यांच्याभोवती बसायला जागा केली, मुलांना खेळायला काहीबाही लावलं, आणि संध्याकाळी तिथे खरंच आजी-आजोबा आणि कॉलेजची मुलं एकाच कट्ट्यावर दिसतात. याच रस्त्याची अजून एक गोष्ट जुने पुणेकर कौतुकानं सांगतात, 1970 च्या दशकात तो बांधला तेव्हा ठेकेदारानं दहा वर्षांची हमी लिहून दिली होती आणि रस्त्याला कित्येक वर्षं खड्डा पडला नाही. हमी, म्हणजे टेंडरच्या भाषेत दोष दायित्व कालावधी, फुटपाथच्या कामाला पण असतो बरं का, त्या काळात ब्लॉक उखडले तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं बसवायचे असतात, फक्त तो किती महिन्यांचा आहे ते कोणीतरी विचारावं लागतं. औंधमध्ये 2016 च्या सुमारास आधी बॅरिकेड लावून तात्पुरता रुंद फुटपाथ करून बघितला, लोकांना काय वाटतं ते घेतलं आणि मग पक्कं काम केलं. आणि 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन केला, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक. लक्ष्मी रस्त्यावर आपण सगळे कशासाठी जातो? साडी, सोनं, लग्नाची खरेदी. ती गाडीत बसून होत नाही, चालतच होते. दुकानदारांना वाटणारी भीती खोटी नाही, त्यांचं पोट आहे त्यावर, म्हणूनच असा एक दिवस करून बघणं चांगलं, त्यांना स्वतःच्या गल्ल्यावरून कळतं.

पार्किंग आणि पथारीवाले हे दोन विषय टाळून पुढे जाता येत नाही. एक कार उभी करायला साधारण बारा-पंधरा चौरस मीटर लागतात, म्हणजे मुंबईतल्या एका खोलीएवढी जागा, आणि ती आपण रस्त्यावर फुकट देतो. पुण्यानं 2018 मध्ये पार्किंग धोरण केलं, अंमलबजावणी रखडली. विक्रेत्यांचं मात्र मला वेगळं वाटतं. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली कारवाई भाजीवालीवर होते, कार तशीच राहते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांना जागा ठरवून द्यायची असते, त्यासाठी समिती असते आणि त्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी पण असतात. ड्रॉइंग करतानाच त्या पट्टीत भाजीवालीला, चांभाराला जागा आखली तर चालायची रुंदी पण राहते आणि रात्री आठ-नऊला क्लासवरून परत येणाऱ्या मुलीला रस्त्यावर ओळखीची माणसं पण दिसतात. रिकाम्या, अंधाऱ्या, रुंद फुटपाथवरून जायला बायका घाबरतात, हे प्लॅन करणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

आता आपण कधी बोलायचं. बहुतेक लोक खोदायला सुरुवात झाली की जागे होतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो, कारण तोपर्यंत एस्टिमेट झालं, टेंडर झालं, स्थायी समितीत मंजूर झालं, वर्क ऑर्डर निघाली, ठेकेदार कागदावर आहे तेच करणार. बोलायच्या वेळा त्याच्या आधीच्या आहेत. शहराचा डीपी प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात, पण ती संधी वीसेक वर्षांतून एकदा. दरवर्षीची संधी बजेटची. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायचे अर्ज घेतात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, क्षेत्रीय कार्यालयात, त्यात फुटपाथसारखी छोटी कामं बसतात. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासक होते तेव्हा तर हा अर्ज सोडला तर सामान्य माणसाला फारसा दरवाजा उघडा नव्हता. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर साधा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिवाळीच्या आधी द्या, आणि रस्त्याचं काम होणार आहे असं कानावर आलं की माहिती अधिकारात एकच गोष्ट मागा, क्रॉस सेक्शन. म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखं चित्र, कशाला किती मीटर. त्या एका कागदावर सगळं कळतं. आणि हक्क म्हणून मागा, कारण 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो.

अर्जात "फुटपाथ नीट करा" असं लिहिलं तर त्याचं काही होत नाही, कारण ते कुठल्याच विभागाच्या टेबलवर जाऊन बसत नाही. कुठून कुठपर्यंत, कुठल्या गेटसमोर, किती उंची, काय अडतंय, फोटो, आणि सकाळी साडेआठ ते पावणेनऊ तिथून किती माणसं चालत गेली. मी आणि मावशी एका रविवारी टेप आणि खडू घेऊन गेलो, टेपचं एक टोक तिच्या हातात. सोमवारी परत गेलो आणि ती स्टॉपच्या बाकावर बसून जुन्या डायरीत पाच-पाच रेघा ओढत माणसं मोजत होती, शाळेची मुलं वेगळी, कामाला जाणाऱ्या बायका वेगळ्या, सायकली वेगळ्या. चौदा जागांचं एक पान केलं, प्रत्येकीसमोर विभागाचं नाव लिहिलं, आणि अर्ज देऊन आवक नंबर घेतला.

पाच आठवड्यांनी कनिष्ठ अभियंता बघायला आले. तरुण होते, ऐकून घेतलं त्यांनी. तिसऱ्या गेटपाशी मी नियम सांगायला लागले तर मावशीनं मला थांबवलं आणि म्हणाली, "मी दाखवते ना." तिनं गेटच्या खांबाला हात लावला, थांबली, आधी ऑपरेशनचा पाय खाली सोडला, मग दुसरा, चार पावलं चालली, आणि पलीकडे चढताना आधी चांगला पाय वर ठेवून माझ्याकडे हात पुढे केला. अभियंत्यांनी खिशातून टेप काढला आणि खाली बसून कडेची उंची घेतली. तेवीस सेंटिमीटर. पुढच्या गेटला गेले, तिथे पण बसले, एकवीस. मग वही काढून लिहायला लागले.